पायवाल्या ताई आणि नवे शहर

धृती हा शब्द बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. धीर उरला, धैर्य उरले, हट्ट तर मुबलक उरला. पण ज्या धातूपासून आपले 'धरणे' आले, त्याच धातूतून जन्मलेली ही धृती कोठे हरवली कोण जाणे. मन आणि प्राण यांना एका दिशेला धरून ठेवणारी शक्ती, असे जुने आचार्य तिच्याविषयी सांगत. त्या सांगण्यात एक अट अध्याहृत होती. जे धरायचे ते आधी जोखलेले असावे. न जोखता धरले तर ती नुसती मूठ झाली. हा गुण मला ग्रंथांत पुष्कळदा भेटला. चालत्याबोलत्या माणसात तो निःसंशयपणे एकदाच दिसला, आणि ती व्यक्ती कृत्रिम पाय बनवीत असे.

सार्वजनिक रुग्णालयाच्या मागे, धुलाईघर ओलांडले की पाच खोल्यांचा एक बैठा कारखाना होता. पहिल्या खोलीत प्लास्टरची पोती, दुसरीत भट्टी, तिसरीत करवती आणि कानशी, चौथीत चामड्याचे पट्टे नि बकले. पाचवी खोली लांबट व रिकामी. दोन्ही बाजूंना कमरेएवढे लाकडी कठडे आणि टोकाला पुरुषभर उंचीचा आरसा. तेथे माणसे पुन्हा चालायला शिकत. तेथल्या कारागीर बाईंना नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. रुग्णांना त्या 'पायवाल्या ताई', आणि ज्यांच्या हाताखाली त्या बाविसाव्या वर्षी शिकायला आल्या त्या थोरल्या मिस्त्रींना 'पोरी'.

पाय बनवण्याच्या रीतीत गुपित असे काही नाही. उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यावयाचा, साच्यावरून तो पाय जिच्यात बसेल ती खोबण घडवायची, खोबणीखाली नळी, नळीखाली पाऊल. ताईंचे वैशिष्ट्य यापुढे सुरू होई. पक्की खोबण करण्यापूर्वी त्या एक कच्ची खोबण करीत आणि ती घालून माणसाला सबंध दिवस चालवीत. आरशापुढची दहा पावले त्यांना पुरत नसत. जिने, आवारातील खडी, बसथांब्यापर्यंतचा चढ, सगळे झाले पाहिजे. संध्याकाळी त्या माणसाला खुर्चीवर बसवीत, स्वतः समोर बुटक्या स्टुलावर बसत, आणि विचारीत, "कुठे टोचतंय?"

'बरं आहे ना?' हा प्रश्न त्या कारखान्यात निषिद्ध होता. हाताखालच्या एखाद्या कारागिराच्या तोंडून तो निसटलाच तर ताई कानस खाली ठेवून म्हणत, "अरे, 'ना' लावून विचारलंस की तो बिचारा तुझं मन राखायला 'हो' म्हणणार. आणि आठ दिवसांनी सोललेला पाय घेऊन परत येणार. टोचतं तर असणारच. कुठे, एवढंच विचार."

ताईंचे यजमान टपालखात्यात होते. सायकलला बॅग अडकवून रोज साडेचारशे घरांपर्यंत जाणारा हा गृहस्थ मितभाषी, पण अर्धवट पत्ता लिहिलेले पत्र त्यांच्या हाती पडले की ते योग्य दारी पोहोचल्यावाचून राहत नसे. 'पाणीवाल्या टाकीजवळ, जाड्या शिंप्याच्या वर' एवढ्यावर त्यांनी माणसे शोधून काढली होती. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर या दांपत्याच्या दोन खोल्या होत्या. सकाळी खालून हवा भरण्याच्या पंपाचे फुसफुसणे ऐकू आले की टपालवाले चहाचे आधण ठेवीत, आणि ताई उठून आदल्या दिवशीच्या प्लास्टरने तडकलेल्या बोटांना तेल चोळीत बसत.

लग्नाला आठ वर्षे झाली होती. मूल हवे, याविषयी दोघांत कधी दुमत नव्हते. केव्हा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तीनदा पुढे गेले होते. प्रथम ताईंची कारागिरीची परीक्षा आडवी आली. मग कारखाना जुन्या इमारतीतून नव्या पाच खोल्यांत न्यावयाचा होता. त्यानंतर टपालवाल्यांच्या वडिलांचे दीर्घ दुखणे आले, आणि त्यांच्या जाण्याने ते संपले. ताईंना चौतिसावे लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही. पण विचार करायला जितकी वर्षं लागतात, तितकी शरीर देत नाही."

डॉक्टरबाईंनी हे सौम्यपणे सांगितले. टपालवाल्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईंच्या वन्संकडे, सौम्यपणाचा साठा नव्हता. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचे घर होते आणि दर रविवारी त्या तीन जिने चढून येत.

"साऱ्या गावाला पाय करून देतेस," धापा टाकीत त्या पहिले वाक्य टाकीत, "या घरात कधी पावलं उमटायची?"

"वन्सं, नंबर लावून ठेवलाय," ताई हसून म्हणत.

"तुझ्या नंबरापर्यंत माझे गुडघे टिकले पाहिजेत ना!"

अशातच एक पत्र आले. तेरा तासांच्या रेल्वेप्रवासाइतक्या दूरच्या एका मोठ्या शहरात नवे रुग्णालय उभे राहत होते. तेथे पायांचा कारखाना काढावयाचा होता आणि तो ताईंनी उभारावा, चालवावा, अशी अधीक्षकांची इच्छा होती. होकार सहा आठवड्यांत कळवायचा होता. त्या शहराच्या भोवतालच्या प्रदेशात पाय गमावलेल्या माणसांना असा कारखाना गाठायला दोन-दोन दिवस प्रवास करावा लागे. पुष्कळजण करीतच नसत. ताईंनी पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी वाचले आणि चष्मा पुसला.

"जा पोरी. मला जे शिकवता आलं ते तू केव्हाच शिकलीस."

वन्संना वेगळे वाटले. "आधी मूल होऊ दे. दोन वर्षांचं झालं की मग जा कुठे जायचं ते. परक्या शहरात बाळाला ताप आला तर कुणाचं दार वाजवशील? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस."

"मारू दे," मिस्त्री कोपऱ्यातून म्हणाले. ते त्या रविवारी चहाला आले होते. "पाय करणं आमच्याच हातात आहे."

"तुम्ही गप्प बसा. उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं?"

धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ती स्थिती होती. मूल होईपर्यंत थांबावे, तर कारखाना दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार. आधी जावे, तर नव्या ठिकाणी घडी बसेपर्यंत मूल आणखी लांबणार, आणि यापुढे लांबणे म्हणजे कदाचित कायमचेच लांबणे. सामान्य माणूस अशा वेळी चारजणांना विचारतो आणि पाचव्याचे ऐकतो. ताईंनी आपल्या व्यवसायाची रीत वापरली. त्यांनी बारा दिवसांची रजा काढली आणि त्या नव्या शहराची कच्ची खोबण घालून पाहायला यजमानांसह निघाल्या.

त्या बारा दिवसांची हकीकत टपालवाले पुढे मोठ्या रसाने सांगत. ताईंनी एक भाड्याचे घर हेरले. दुसरा मजला, तीन खोल्या, मागच्या खोलीला पूर्वेची खिडकी. घर पाहून मान डोलावून त्या परतल्या नाहीत. सकाळी आठ वाजता त्या घरापासून रुग्णालयापर्यंत चालत गेल्या, दुपारी बसने गेल्या, संध्याकाळी गर्दीत उलट आल्या. बाजार किती पावलांवर, दवाखाना किती, पाळणाघराच्या दारातली पायरी केवढी उंच, सगळे पायांनी मोजले. चौथ्या दिवशी त्यांनी कुठूनशी दहा किलो प्लास्टरची एक पिशवी पैदा केली, ती कडेवर घेतली, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी धरली आणि दोन जिने चढून गेल्या. उतरल्या. पुन्हा चढल्या. पहिल्या मजल्यावरची शेजारीण दार किलकिले करून पाहत होती. तिसऱ्या खेपेला तिला राहवेना.

"अहो, काय आहे त्यात एवढं?"

"वर्षाचं बाळ," ताई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

टपालवाले मागून किल्ली घेऊन चढत होते. वरच्या दारात ताईंनी पिशवी खाली ठेवली, कपाळ पुसले आणि पूर्वेच्या खिडकीकडे पाहत विचारले, "ठीक आहे ना हो?"

"ठीक आहे," टपालवाले म्हणाले. "छान आहे."

टपालखात्यात बदलीचा अर्ज करावा लागेल, तिथे फिरती मिळणार नाही, बहुधा तळघरात पार्सले निवडण्याचे काम येईल, हेही त्यांनी सांगितले. तेही ठीकच होते. परतल्यावर त्यांनी अर्जाचा नमुना आणून सुवाच्य अक्षरात भरूनही ठेवला. ताईंच्या मनात योजना पक्की होत गेली: जायचे, वर्ष-दोन वर्षांत कारखाना मार्गी लावायचा, मग मूल. होकाराचे पत्र त्यांनी मनात लिहिले होते. कागदावर उतरायचे तेवढे बाकी होते.

या सुमारास कारखान्यात एक निवृत्त ट्रकचालक येत. कोणत्याही प्रश्नाला त्यांचे उत्तर एकच असे, म्हणून सगळे त्यांना झकासराव म्हणत. मनुष्य मोठा विनोदी. "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना ताई," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "आता मला अर्ध्या अंथरुणात भागतं बघा." कच्च्या खोबणीवर दिवसभर चालून ते संध्याकाळी खुर्चीवर बसले.

"कुठे टोचतंय?"

"झकास आहे ताई."

"ते विचारलं नाही मी."

"अहो, खरंच झकास."

ताईंनी खोबण काढली. गुडघ्याखाली आतल्या अंगाला रुपयाएवढा फोड आला होता. आता मात्र त्या रागावल्या. "हे काय आहे? हे झकास? कुणासाठी लपवत होता?"

झकासराव ओशाळून हसले. "सवय हो. घरी बायको विचारते, ठीक आहे ना? आता ती दिवसभर राबून आलेली, तिच्या डोळ्यांत एवढी आशा. तिला काय सांगू, टोचतंय म्हणून? ज्याला जे ऐकायचं असतं ते माणूस सांगून टाकतो. त्यात खोटेपणा नाही, ताई. माया असते ती."

ताई स्टुलावरून उठल्या नाहीत. फोडावर मलम लावले, पट्टी बांधली, खोबणीवर खडूने खूण केली, आणि तरीही तशाच बसून राहिल्या. झकासराव चिंतेने म्हणाले, "ताई, एवढं काही लागलेलं नाही हो." वारा घालावा तसा हात हलवून ताईंनी त्यांना गप्प केले. बारा वर्षे जो प्रश्न त्यांनी कोणाला विचारू दिला नाही, तोच त्यांनी आपल्या माणसाला विचारला होता. विचारताना त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. शहराचे जिने जोखले, पायऱ्या जोखल्या. ज्याच्यासह ते शहर वागवायचे, त्याला मात्र जोखायचे राहून गेले होते.

त्या दिवशी कारखाना सुटताच त्या घरी आल्या. टपालवाले खिडकीत उभे राहून उद्याच्या पत्रांचा क्रम मनात जुळवीत होते. ताईंनी खुर्ची ओढली.

"बसा."

"का गं? काय झालं?"

"बसा म्हणते ना." स्वतः त्या स्वयंपाकघरातला पाट घेऊन समोर बसल्या. "आता सांगा. कुठे टोचतंय?"

टपालवाले हसले. "मला दोन्ही पाय आहेत, ताईसाहेब."

"माहीत आहे. त्या शहरात कुठे टोचतंय?"

"अगं, म्हटलं ना मी, ठीक..."

"तो शब्द नको. तळघर टोचतंय का?"

"तळघर? नाही. म्हणजे उजेड नाही तिथे, पण ते जमेल." ते थांबले. पुढे बोलायला त्यांना वेळ लागला, आणि ताईंनी तो लागू दिला. "शहरही नाही टोचत. तुझा तो 'आधी' टोचतो. आधी परीक्षा. आधी कारखाना हलवू. बाबांच्या वेळी तर मीच म्हणालो, आधी त्यांचं होऊ दे. मला एकेचाळिसावं लागलंय. मी रोज साडेचारशे दारं बघतो, आतून पोरांचे आवाज येतात. मला भीती वाटते, तिथे गेल्यावर आपल्याला आणखी एक चांगला 'आधी' सापडेल. तुझे 'आधी' सगळे चांगलेच असतात गं. एकालाही नाही म्हणता येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पिशवी घेऊन जिना चढत होतीस. तुझा चेहरा पाहिला असतास तर तूही बोलली नसतीस."

ताईंनी पाट आणखी पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "आता माझं सांगते. इथे राहून मूल झालं, तर मी त्याला वाढवीन, जीव लावीन. पण त्याच्याकडे बघताना कधीतरी मला तो न झालेला कारखाना दिसेल. ते त्या पोरावर लादायची माझी इच्छा नाही."

"बरोबर आहे."

"म्हणजे जायचं. आणि थांबायचं नाही. दोन्ही एकदम."

"जमेल?"

"जमेल," ताई म्हणाल्या. त्या शब्दाला 'ना' लावलेला नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांनी नव्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना उत्तर लिहिले. कारखाना उभारण्यास मी येते, असे पहिल्या परिच्छेदात होते. दुसऱ्यात लिहिले होते की आम्हांला मूल हवे आहे आणि त्यासाठी आम्ही यापुढे थांबणार नाही. तेव्हा पहिल्याच वर्षात मला काही महिने रजा लागण्याचा संभव आहे. सबब माझ्या बरोबरीने काम जाणणारा दुसरा कारागीर पहिल्या दिवसापासून नेमावा. हे मान्य नसेल तर कृपया आत्ताच कळवावे. वन्संनी तो मजकूर वाचला आणि डोक्याला हात लावला.

"नोकरीला होकार देतेस की सुट्टीचा अर्ज करतेस? असं कुणी लिहितं का? नाही म्हणतील ते."

"पक्कं व्हायच्या आधी सांगितलेलं बरं, वन्सं. नंतर घासत बसलं की नाकी नऊ येतात."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर ती जागा माझ्या मापाची नव्हती. उत्तराची वाट आम्ही दोघं बघू. बाळाला बघायला लावणार नाही."

वन्संनी कागदाची घडी घालून तो स्वतःच पाकिटात सरकवला. हा प्रसंग त्या घरात अपूर्व मानला गेला.

उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. टपालवाल्यांनी ते आपल्याच गठ्ठ्यात ओळखले, आणि आयुष्यात प्रथमच फेरी अर्धी टाकून, आपल्याच घरचे पत्र आधी पोहोचवण्याचा गुन्हा करून, ते कारखान्याच्या दारात आले. पत्र दोन ओळींचे होते. 'आम्हांला हा कारखाना एक वर्ष नव्हे, तीस वर्षे चालवायचा आहे. दुसरा कारागीर नेमला आहे, या.'

त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांना दुसरा महिना लागला होता. पहिल्याच दिवशी अधीक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी तसे सांगितले. अधीक्षक वयस्क बाई होत्या. कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, "लिहिलं होतंत तुम्ही. बसा."

पुढे सारे सुरळीत झाले असे नाही. नवी भट्टी पहिल्या दोन महिन्यांत दोनदा तडकली. टपालवाले तळघरात पार्सले निवडून निवडून फिकट पडले. पण आता त्यांनी ते वेळीच सांगितले, ताईंनी ते ऐकले, आणि खात्याकडे चार अर्ज गेल्यावर अकराव्या महिन्यात त्यांना नदीपलीकडच्या वस्तीची फेरी मिळाली. मुलगी झाली. वन्सं तेरा तासांचा प्रवास करून आल्या, आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि अडीच महिने राहिल्या. दोन जिन्यांना नावे ठेवीत त्यांनी त्या लेकराचे सगळे केले, आणि निघताना म्हणाल्या, "शहर वाईट नाही. माणसं जरा हळू बोलतात, एवढंच." बाळाला ताप आला तेव्हा ताईंनी पहिल्या मजल्यावरच्या त्याच शेजारणीचे दार वाजवले. प्लास्टरच्या पिशवीची चौकशी करणाऱ्या त्या बाईने यावेळी काही न विचारता चपला पायांत घातल्या.

मुलगी चार महिन्यांची झाली तशा ताई कामावर परतल्या. तोवर दुसऱ्या कारागिराने एकोणचाळीस पाय केले होते. ताईंनी ते सगळे पाहिले, सात पुन्हा करायला लावले, आणि त्याला म्हणाल्या, "बाकीचे माझ्यापेक्षा बरे झालेत." तो त्यांच्या बरोबरीचा होता, आणि त्यांनी त्याला अखेरपर्यंत तसेच वागवले.

पुढे एकतीस वर्षे त्यांनी तो कारखाना चालवला. बहात्तराव्या वर्षी, थोड्या दिवसांच्या आजारानंतर, पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत त्या गेल्या.

त्यांच्या मागे पती आहेत, मुलगी आहे आणि कारखाना आहे. कारखान्यात आज नऊ कारागीर काम करतात, त्यांत चार स्त्रिया. मुलगी त्याच शहरात शिकली, तिथल्याच पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अभियंता आहे, आणि गाव कोणते असे विचारले की त्या शहराचे नाव सांगते.